पडद्यावरचा हिरवा पक्षी

"सिस्टीम फुकटची, मग कॉम्प्युटरचे पैसे कसले घेता?"

विचारलं एकदाचं! दुकानाच्या पायरीवर दोघी मैत्रिणींनी हसू दाबायला तोंडावर हात ठेवले. दुकानदाराला हे तोंडावर विचारून दाखव, अशी पैज त्यांनीच लावली होती. वर दम भरला होता, "भीड धरायची नाही हं, भिंगरी!"

शाळेच्या विज्ञान मंडळाला आठ कॉम्प्युटर हवे होते. कुठून घ्यायचे, हे मंडळानं भिंगरीवर सोपवलं होतं. या दुकानातून, की गल्लीत समोरच असलेल्या त्या चकाचक दुकानातून?

दुकानदार चिडला नाही. स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "पैसे यंत्राचे. आणि बिघडलं की मी धावत येतो, त्याचे. कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून बनवलीय, मी ती आत घालून देतो. तू हव्या तेवढ्या जणींना वाट. चोरी नाही ती."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावर त्या सिस्टीमची खूण, हिरवा पक्षी, उमटला. भिंगरी डोळे बारीक करून बघायला लागली.

"चष्मा लाव आधी."

"हो हो! पण खपतात का हे?"

"या महिन्यात एकही नाही." तो हसला, पण स्क्रू हातातून निसटला. "तुम्ही आठ घेतलेत तर दुकान तगेल. नाहीतर समोर नोकरी. ती बोलावतेच आहे."

ती म्हणजे समोरची दुकानदारीण. पूर्वी दोघं भागीदार. याच सिस्टीमवरून वाजलं आणि गल्लीच्या दोन बाजूंना दोन पाट्या लागल्या.

भिंगरी तिकडे पळाली.

"चष्मा कुठाय?" दुकानदारणीनं पहिलं हेच विचारलं. भिंगरीनं निमूट खिशातून काढून लावला. "हं, आता बघ. नेहमीची सिस्टीम. सगळ्यांच्या हातातली, शिकवायला नको."

"आणि समोरचे?"

"माणूस भारी हट्टी. गिऱ्हाईक फिरकत नाही, तरी ऐकेल तर शपथ!"

"पण त्यांचे कॉम्प्युटर चालतात का नीट?"

दुकानदारीण जरा घुटमळली. "वाईट आहेत, असं मी कधी म्हटलं?"

तेवढ्यात कुणीतरी बिल मागितलं. तिनं काउंटरवरचा स्वतःचा कॉम्प्युटर सुरू केला. त्याचा पडदा तिच्याकडे होता, पण तिच्या पाठीमागच्या कपाटाच्या काचेत तो लख्ख दिसत होता.

हिरवा पक्षी!

"अय्या!"

"हळू बोल की!" दुकानदारीण कुजबुजली. "भर गर्दीत अडून चालत नाही मला. हा कधी अडत नाही. त्या माणसाला सांगशील तर बघ!"

भिंगरी उड्या मारतच बाहेर आली.

"काय ठरलं गं?" मैत्रिणी पलीकडून ओरडल्या.

दुकानदार दारात आला. इकडे दुकानदारीणही दारात आली. दोघं हाताची घडी घालून एकमेकांकडे न बघता भिंगरीकडे बघत राहिली.

भिंगरीनं एक लांब श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ठरलं! आठही कॉम्प्युटर हिरव्या पक्ष्याचे! आई, तू चिडू नकोस. आणि बाबा, तुम्ही इकडे या बघू, तुमचा पक्षी आईच्या काउंटरवर बसलाय!"