पाचवा जिना

मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये त्याचे दाजी जुन्या गाडीचे झिजलेले शॉकअप बदलायला आले. सोबत मेकॅनिकची बहीण, डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. “जिन्यावरून पडले,” ती म्हणाली. वर्षातला चौथा जिना. आणि घर तळमजल्यावर! मेकॅनिकने शॉकअपची स्प्रिंग क्लॅम्पमध्ये दाबून आवळली. “वळणावर डुलते गाडी,” बहीण म्हणाली. “तुला कुणी विचारलं?” दाजींनी तिच्या कानाखाली वाजवली आणि काही घडलंच नाही अशा थाटात स्प्रिंगवर वाकले. “आटपा की मेव्हणे!” क्लॅम्प सोडण्याआधी “बाजूला व्हा” ओरडायचं, हे वडिलांनी दोघा भावंडांना लहानपणीच शिकवलं होतं. मेकॅनिकने बहिणीकडे पाहिलं. ती न सांगताच दोन पावलं बाजूला सरकली. त्याने तोंड मिटून क्लॅम्पचा एकाच बाजूचा बोल्ट सैल केला. स्प्रिंग उसळली आणि दाजींचा जबडा फुटला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कशानं झालं?” दाजींना बोलता येईना. “जिन्यावरून पडले,” बहीण म्हणाली.