गंधजाळी

ऑफिसात प्रत्येकाच्या नाकात गंधजाळी बसवलेली होती. नकोसा वास ती आत येऊच देत नसे. त्या सकाळी हेमांगीची जाळी बिघडली आणि शेजारच्या टेबलावरच्या बावस्करांच्या अंगाचा आंबूस दर्प तिला पहिल्यांदाच आला. माणूस तसा नीटनेटका, कपडे रोज इस्त्रीचे.

जेवणाच्या सुट्टीत धीर करून तिने त्यांना गच्चीवर नेलं. "दादा, राग मानू नका. तुमच्या अंगाला वास येतो."

बावस्कर बघतच राहिले. "पण तो तर गेला ना? जाळ्या आल्यापासून कुणी तक्रारच केली नाही, म्हणून मी औषधही सोडलं."

"गेला नव्हता, दादा. आम्हाला येत नव्हता."

ते कठड्याला टेकले. "घरी कुणाच्या नाकात जाळी नाही," ते हळूच म्हणाले. "मुलगी हल्ली शेजारी बसत नाही. मला वाटलं, मोठी झाली."

बावस्करांनी तिथूनच मुलीला फोन लावला.

"गार्गी, माझ्या अंगाला वास येतो का गं? खरं सांग."

पलीकडून हुंदका आला. "बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय," बावस्कर म्हणाले. "येशील माझ्याबरोबर?"