धोबिणीने थांबवलेलं वाचन

धोबिणीने वाचनाच्या मेजावर हात ठेवला आणि गुरुजींनी तोंड मिटलं.

शनिवारची सकाळ. यहुद्यांचं ते प्रार्थनागृह खच्चून भरलेलं. मधल्या चौथऱ्यावर तोरा या धर्मग्रंथाची पवित्र गुंडाळी उलगडलेली. आणि ही बाई बायकांच्या सज्जातून गुडघे धरत, कण्हत, एकेक पायरी उतरून थेट चौथऱ्यावर! प्रार्थनागृहाच्या अध्यक्षांनी जो आ वासला तो मिटेचना. एखादी चिमणी आत जाऊन घरटं बांधून आली असती.

पण तिला हटकलं कुणी नाही. रीतच होती तशी, पणजोबांच्या पणजोबांपासूनची. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याने वाचन थांबवावं. त्याला न्याय मिळेपर्यंत पुढची ओळ वाचली जायची नाही. गेल्या चाळीस वर्षांत ही रीत कुणी वापरली नव्हती. अभिमान मात्र सगळ्यांना होता. पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.

"बोल बाई," गुरुजी म्हणाले.

"छताला कठडा हवा."

प्रार्थनेच्या शाली ती धुवायची आणि प्रार्थनागृहाच्याच सपाट छतावर वाळत घालायची. गेल्या वर्षी वाऱ्याने एक शाल उडाली. तिचा नवरा धरायला धावला. शाल काठावरच अडकली, नवरा खाली फरशीवर गेला. आता हिचे गुडघे साथ देईनात, म्हणून ओल्या शालींची बादली घेऊन वर जायची ती हिची लेक. सात महिन्यांची पोटुशी. बाईने तीन अर्ज दिले. तिन्हींवर एकच शेरा आला: पुढील बैठकीत पाहू.

"अगं, पण आजच का?" अध्यक्ष कुजबुजले, साऱ्यांना ऐकू जाईल असं.

"कारण ते आजच्या वाचनात येतं. वर्षातून एकदाच येतं, आठ महिने वाट बघितली मी. घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर पडणाऱ्याचं रक्त तुझ्या घरावर. येतं ना, गुरुजी?"

"पुढच्याच रकान्यात," गुरुजी म्हणाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

मागून घड्याळजी ओरडला, "बाई, घरी जेवण निवतंय आमचं!"

"माझ्या पंगतीला एक माणूस कमीच आहे, भाऊ. मला घाई नाही."

कुणीतरी हसलं, आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

अर्धा तास गेला. तास गेला. पोटं गुरगुरू लागली, एकाचं तर अगदी सुरात. दीड तासाने अध्यक्ष उठले. "पुढच्या शनिवारच्या आत कठडा. शब्द आहे आमचा." भराभर हात वर झाले. त्या मंडळींचं एकमत खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरही कधी झालं नव्हतं. आज झालं.

धोबिणीने हात उचलला. कठड्याची ओळ आली तेव्हा गुरुजींनी मान वर करून ती वाचली, सावकाश, शब्दाशब्दावर टेकत.

आठवडाभर प्रार्थनागृहात रंधा चालला, हातोडा वाजला. सुताराच्या पायात यायला नको म्हणून बाईने शाली घरातच दोरीवर वाळवल्या. घरभर ओल आली. "खरंच करतायत गं आई," लेक खिडकीतून ती ठोकठोक ऐकत म्हणायची. बाई नुसती मान हलवायची. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला दुपारची झोप लागली.

शनिवारी ती लेकीला घेऊन गेली. दारातच थबकली.

कठडा तयार होता. छातीइतका उंच, चकचकीत पॉलिशचा, वर नक्षी. एक छोटंसं दार, दाराला कुलूप. चारही बाजूंनी घट्ट बसवलेला, वाचनाच्या चौथऱ्याभोवती. आत गुरुजी होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाईने कठड्याचे गज धरले. "आणि छत?"

अध्यक्षांनी मायेने तिच्या खांद्यावर थोपटलं.

"छतावरून एखादाच पडतो, बाई. वाचन थांबलं की साऱ्यांचा खोळंबा होतो."