बेचाळिसावी सुरी

"बघा, हात लावा, पण पुसू नका," नामा म्हणाला.

नेत्राने हात मागेच ठेवले. मुंबईच्या एका संग्रहालयातून ती नागावला आली होती. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात बेचाळीस हत्यारं टांगलेली होती. इंग्रज अमदानीतल्या संगिनी, गुरख्यांच्या खुकऱ्या, सांबरशिंगी मुठींचे शिकारी सुरे. तीस वर्षं ट्रकच्या धंद्यात फिरताना नामाने भंगारवाल्यांकडून, पडक्या बंगल्यांतून एकेक वेचून आणलं होतं. मागे कुणी उरलं नव्हतं, म्हणून आता सगळं संग्रहालयाला द्यायचं होतं.

नेत्राची नजर शेवटच्या सुरीवर थांबली. साधी लष्करी सुरी, पण पात्यावर टोकापासून मुठीपर्यंत काळाजांभळा डाग.

"ही माझ्या दिपेशची."

"लष्करात होता?"

"व्हय. आचारी. कांदे चिरायला पलटणीत गेलास म्हणून मी तीन वर्षं त्याच्याशी बोललो न्हाय. पण वेळ आली तेव्हा चालवलीन त्यानं. हा डाग बघा. शत्रूचं रगत हाय हे."

आत नामाची बायको जनी पानं वाढत होती. तिने मान वर केली नाही. लष्कराच्या पत्रात 'सेवेत असताना मृत्यू' एवढंच होतं. पत्रामागून ट्रंक आली, ट्रंकेत ही सुरी. त्या दिवशी नामा सांजेपर्यंत तो डाग बघत बसला आणि उठला तो शूर मुलाचा बाप होऊन. त्याला बावीस वर्षं झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ही गोष्ट सांगे आणि दर खेपेला गोष्टीत एखादा शत्रू वाढे.

जेवताना नामा खुशीत होता. "फळीवरच्या त्या बरणीला मात्र हात लावू नका हां. तो आमच्या बाईसाहेबांचा संग्रह. माझी बेचाळीस हत्यारं, हिची एक बरणी. मलासुद्धा कधी चाखू दिलं न्हाय."

"मी कधी तुमची सुरी चाटून बघितली का?" जनी म्हणाली.

नेत्रा हसली. मग म्हणाली, "दिपेशच्या सुरीला वेगळं कपाट देऊ. खाली त्याचं नाव. पण आधी तो डाग तपासावा लागेल. खंडेनवमीला सामान घेऊन येते, नमुना घेते आणि प्रयोगशाळेत पाठवते."

"त्यात काय काय कळतं?" जनीने विचारलं.

"सगळंच, काकू. रक्त आहे का, माणसाचं आहे का. कधीकधी कुणाचं, तेसुद्धा."

भात वाढता वाढता जनीचा हात थांबला.

"तपासा!" नामा म्हणाला. "एकदा कागद हातात आला की फ्रेम करून लावतो. माझ्या पोराला आचारी म्हणून हसणाऱ्यांना आणून दाखवतो." मग म्हणाला, "मीबी त्यांच्यातलाच होतो म्हणा."

खंडेनवमीच्या सकाळी तो झेंडू आणायला अलिबागला गेला. येताना फाट्यावर नेत्रा भेटली. तिला रिक्षात घेऊनच तो घरी आला.

मागच्या अंगणात पाट मांडलेला होता. पाटावर विळी, कोयता, पहार. आणि त्यांच्याच ओळीत दिपेशची सुरी. हळदकुंकू लावलेली, आरशासारखी लख्ख. शेजारी चिंचेचा चोथा आणि राखेने माखलेलं नारळाचं सोडण पडलं होतं.

नामाच्या हातातली पिशवी गळली. "हे काय केलंस?"

"खंडेनवमी हाय. हत्यार घासून पुजायचं असतं."

"बावीस वर्षं न्हाय पुजलंस ते!"

"चुकलंच माझं."

"रगत होतं ते, जने! माझ्या पोराची तेवढी एकच मर्दुमकी होती. ती तू चिंचेनं धुतलीस?" तो पायरीवर मटकन बसला. मग नेत्राकडे वळला. "ताई, कुठं मुठीच्या फटीत, कशात काय राह्यलं असंल..."

नेत्राने भिंग काढलं. पातं पाहिलं, मूठ पाहिली. बराच वेळ पाहिली.

"काही नाही उरलं. आता रक्त होतं की नव्हतं, हे कुणालाच सांगता यायचं नाही."

"मी सांगतो ना! होतं!" नामा ओरडला. "होतंच! या अडाणी बाईनं घालवलं!"

तो सुरी घेऊन आत गेला. जनी विहिरीपाशी हात धूत राहिली. चिंचेने बोटं पांढरी पडली होती. नेत्रा तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "काकू, ते शत्रूचं रक्त नव्हतं ना?"

"न्हाय."

"म्हणजे दिपेशचं स्वतःचंच..." नेत्राचे डोळे भरले.

जनीने पदराला हात पुसले. "त्यांना काय सांगू नको, बाय."

"नाही सांगणार."

सुरी संग्रहालयात गेली नाही. नामाने ती कपाटात परत टांगली. पाहुण्यांना तो आता लख्ख पातं दाखवतो आणि डाग कुठवर होता ते बोटाने आखून देतो. त्या दिवसापासून तो जनीशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर ताटाकडे बघून म्हणतो, "मीठ."

दिवाळी गेली, शिमगा गेला. वैशाखात परसातल्या आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडला. नामा बाहेर गेलेला पाहून जनीने फळीवरची बरणी उतरवली आणि तोंडाला बांधलेला दादरा सोडला. आतलं लोणचं डांबरासारखं काळं झालं होतं. शेवटच्या रजेत दिपेशने ह्याच पायरीवर बसून त्या लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या होत्या, आपल्या पलटणीतल्या सुरीने. बघता बघता सगळं पातं काळंजांभळं पडलं, तेव्हा ती म्हणाली होती, "पूस रे ते, डाग राहील." तो हसला होता. "राहू दे, आये. पुढच्या रजेला चिंचेनं घासू."