गोधडीतला भात

भाताला उकळी येताच तिनं गॅस बंद केला आणि मोठं पातेलं दोन गोधड्यांत गुंडाळून पलंगावर ठेवलं. पुढचा भात गोधडीतच शिजायचा, तेवढाच सिलिंडर पुरायचा. सुट्टी लागलेल्या एकुलत्या एक लेकीला घेऊन ती शिवणाच्या दुकानात गेली खरी, पण गणवेशांच्या ढिगाऱ्यातही जिवाला एकच घोर : गॅस नक्की बंद केला ना? शेवटी दुपारी लेकीला ओढतच घरी धावली.

उन्हाळाभर डबल ड्युटी करणारा तिचा बसड्रायव्हर नवरा आज लवकर परतला होता. पलंगावरच्या गोधडीवर हात ठेवून तो वर्तमानपत्रानं वारा घालत होता.

"हळू! अंग केवढं तापलंय पोरीचं," तो कुजबुजला. "दोन महिन्यांत आज पहिल्यांदा दिवसाउजेडी भेटली, म्हणून उठवलं नाही."

मागे फिसकन हसायला निघालेल्या लेकीच्या तोंडावर तिनं हात ठेवला.