वर्जिलचा रकाना

कोल्टर बेंड गावात मतं चौऱ्याहत्तर. दर निवडणुकीला रिपब्लिकन त्र्याहत्तर, डेमोक्रॅट एक. ते एक म्हाताऱ्या वर्जिलचं, हे शेंबडं पोरही सांगायचं, आणि चर्चमधल्या पॅनकेकच्या न्याहारीला त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल व्हायची. त्यालाही ती गोड लागायची. यंदा मतदानाच्याच सकाळी तो दारातल्या पायरीवरून घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि मत राहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा आपला रकाना कोरा जाणार, या विचारानं दवाखान्यात त्याला घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी डॅरेल आला. टिंगल करण्यात हाच सगळ्यांच्या पुढं. आज मात्र टोपी हातात, मान खाली.

"कोरा नाही राहिला रे तुझा रकाना. म्हटलं, गडी पडलाय बिचारा, त्याच्यासाठी एक मत आपण टाकू तिकडं. बायकोलासुद्धा बोललो नाही."

वर्जिलचे डोळे भरून आले. "म्हणजे यंदाही एक आहे तर."

डॅरेलनं डोकं खाजवलं. "एक्केचाळीस आहेत. गावात तुझा पक्ष जिंकलाय. बाहेर सगळे उभे आहेत, आणि जो तो म्हणतोय, मला वाटलं मी एकटाच."