मे महिन्यातले स्वेटर

ऐन मे महिन्यात नव्या ऑफिसातली माणसं स्वेटर घालून कुडकुडत होती. "आणि म्हणे वीज वाचवणारी इमारत!" मॅनेजर करवादले. उद्या एसीची यंत्रणा ऑफिसच्या ताब्यात द्यायची, आणि एसी थांबायचं नाव घेईना! एसी बसवणारे इंजिनिअर तांबवेकर चार दिवस पायाला भिंगरी लागल्यासारखे फिरत होते.

पंखे, झडपा, वायरी, सगळं ठाकठीक. शेवटी भिंतीवरच्या, तापमान मोजणाऱ्या सेन्सरला त्यांनी हात लावला. तो चांगलाच तापला होता. खोलीच तापलीय असं समजून बिचारा सारखी गार हवा मागत होता!

त्याच्या बरोब्बर खाली, गणपतीच्या तसबिरीपुढे समई तेवत होती.

"हा दिवा इथं कुणी लावला?" तांबवेकर कडाडले.

तेलाची बाटली घेऊन आलेल्या, ऑफिसात झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई दचकल्या. "तुम्हीच सांगितलंत की, साहेब! मशीन सुरळीत चालेस्तोवर दिवा विझू द्यायचा नाही म्हणून."